दिवसाची धग, रात्रीचे पाणी

सौर ऊर्ध्वपातन यंत्र म्हणजे काळ्या तळाची, उथळ, बंद पेटी. तिच्यावर तिरपी काच आणि काचेच्या खालच्या कडेला एक पन्हळ. पेटीत दोन सेंटीमीटरभर खारे, जड किंवा मचूळ पाणी भरतात. ऊन काचेतून आत शिरते, काळा तळ ते शोषून तापतो आणि पाण्याची वाफ होते. ती काचेच्या आतल्या, त्यामानाने थंड अंगावर जमते आणि थेंबाथेंबाने ओघळून पन्हळीत उतरते. मीठ, चुना, नायट्रेट, फ्लोराईड सगळे तळात राहते. या यंत्राला पंप लागत नाही, वीज लागत नाही, वर्षाला बदलावा लागणारा फिल्टरही नाही. एवढे असूनही ते घरोघरी दिसत नाही, कारण त्यातून पाणी फार थोडे निघते. एक चौरस मीटरच्या साध्या पेटीतून कडक उन्हाच्या दिवशी तीन ते चार लिटर मिळाले तरी पुष्कळ झाले. हे पाणी वाढवण्याच्या उपायांत सर्वाधिक संशोधन ज्यांवर झाले, त्यांपैकी एक म्हणजे उष्णता साठवणारे पदार्थ. दुपारची जादा उष्णता मेणात, दगडात किंवा क्षारात धरून ठेवायची आणि सूर्य मावळल्यावर ती पाण्याला परत द्यायची. कल्पना सरळ आहे, तिचा हिशेब मात्र तितका सरळ नाही.

हा हिशेब फुलंब्रीच्या उन्हावर मांडून पाहता येतो. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव आहे. अक्षांश साधारण 20 अंश उत्तर, म्हणून काच दक्षिणेकडे तोंड करून सुमारे 20 अंशांच्या उतारावर बसवली, की वर्षभराचे ऊन बऱ्यापैकी पदरात पडते. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी इथल्या एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे साडेसहा युनिट, म्हणजे 23,400 किलोज्यूल ऊर्जा पडते. विहिरीचे 25 अंशांचे एक लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला जवळपास 150 किलोज्यूल लागतात, आणि त्या तापमानाला त्याची वाफ करायला आणखी 2,350. म्हणजे एका लिटरमागे 2,500 किलोज्यूल. भागाकार केला तर एक चौरस मीटरमागे दिवसाला सव्वानऊ-साडेनऊ लिटर पाणी निघायला हवे. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही निघत नाही.

उरलेली ऊर्जा कुठे जाते, हे समजल्याशिवाय साठवणीचा विचार करण्यात अर्थ नाही. काही ऊन काचेवरूनच परतते, काही काच आणि तिच्यावरची धूळ खाते. तळातून आणि बाजूंनी उष्णता झिरपते. पाण्याचा पृष्ठभाग काचेकडे उष्णता फेकत राहतो. त्यातली जेवढी वाफेच्या रूपाने जाते तेवढीच कामाची, बाकीची नुसती काच तापवते. सांध्यातून वाफ निसटते. सिलिकॉनचा थर एका जागी सुटला, तर दिवसाचे अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जाते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. काचेचा उतार फार कमी ठेवला, तर थेंब पन्हळीपर्यंत न पोहोचता मध्येच सुटून पुन्हा खाऱ्या पाण्यात पडतात. या गळतीवर कोणताही साठवण पदार्थ औषध नाही. पेटीच गळकी असेल तर तिच्यात मेण घालणे हा पैशांचा अपव्यय आहे.

या यंत्राचा मोठ्या प्रमाणावरचा पहिला वापर दक्षिण अमेरिकेत झाला. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या लास सालिनास इथे चार्ल्स विल्सन या अभियंत्याने 1872 मध्ये साडेचार हजार चौरस मीटरच्या आसपास काचेचे छप्पर उभारले. सोऱ्याच्या खाणींवर राबणाऱ्या जनावरांना पिण्याचे पाणी हवे होते आणि तिथले पाणी समुद्रापेक्षाही कितीतरी खारट होते. दिवसाला सुमारे 22,700 लिटर, म्हणजे चौरस मीटरमागे पाच लिटर गोडे पाणी त्यातून मिळे. ते कित्येक दशके चालले.

भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने 1978 मध्ये जवळच्याच अवानिया गावात असाच प्रकल्प उभा केला. काचेचे क्षेत्र जवळपास 1,867 चौरस मीटर, क्षमता दिवसाला 5,000 लिटर. चौरस मीटरमागे पावणेतीन लिटरही नाही. प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी हुरळून जाणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा. प्रयोगाच्या पेटीची काच रोज पुसलेली असते. गावातली काच कोणीतरी पुसेल या भरवशावर असते.

उष्णता साठवण आणि सौर ऊर्ध्वपातन या दोन्ही धाग्यांना हात घालणारी पहिली मोठी व्यक्ती म्हणजे मारिया टेल्केस. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी दुसऱ्या महायुद्धात जीवरक्षक तराफ्यावर ठेवता येईल असे फुगवण्याजोगे प्लास्टिकचे सौर ऊर्ध्वपातन यंत्र तयार केले. समुद्रात अडकलेल्या सैनिकाला त्यातून पिण्यापुरते पाणी मिळावे, हा उद्देश. पुढे 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर इथे वास्तुरचनाकार एलेनॉर रेमंड यांच्यासोबत त्यांनी केवळ उन्हावर ऊब धरणारे घर उभारले. त्या घराच्या भिंतींत ग्लॉबर क्षार भरलेले डबे होते. हा क्षार 32 अंशांच्या थोडे वर वितळतो आणि वितळताना किलोमागे सुमारे 250 किलोज्यूल उष्णता पोटात घेतो. पुन्हा गोठताना ती सोडतो. पहिले दोन हिवाळे घर उबदार राहिले. नंतर क्षाराचे थर वेगळे होऊ लागले, डबे गंजून गळू लागले आणि ती व्यवस्था काढून टाकावी लागली. आजही एखादा साठवण पदार्थ निवडताना विचारायचे प्रश्न तेच आहेत: तो शेकडो वेळा वितळून-गोठून तसाच राहील का, आणि ज्या डब्यात ठेवला आहे तो डबा टिकेल का?

साठवणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पदार्थ नुसता तापतो: दगड, वाळू, लोखंडाचे तुकडे, काँक्रीट. उन्हाळ्यात अंगणातली शहाबादी फरशी रात्री नऊलाही पायाला ऊन लागते, ते याच गुणामुळे. दुसऱ्या प्रकारात पदार्थ वितळतो आणि गोठतो. त्या अवस्थांतरात तापमान न वाढवता तो पुष्कळ उष्णता सामावून घेतो. शालेय पुस्तकांत जिला अप्रकट उष्मा म्हणतात ती हीच. मेणबत्तीचे पॅराफिन मेण, स्टिअरिक आम्ल, लॉरिक आम्ल हे या गटातले नेहमीचे पदार्थ.

फुलंब्रीसारख्या गावात पहिला पदार्थ शोधायला कुठे जावे लागत नाही. पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि खडी क्रशरवर हवी तेवढी मिळते. काळा रंग, कमी खर्च, गंज नाही, वितळण्याची भीती नाही. म्हणून पेटीच्या तळात काळी खडी पसरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण उष्णतेच्या साठ्यापुरते पाहिले, तर हा सल्ला दिसतो तेवढा भक्कम नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला 4.18 किलोज्यूल लागतात, एक किलो बेसाल्टला 0.84 च्या आसपास. म्हणजे वजनास वजन पाहिले तर दगडापेक्षा पाणीच पाचपट उष्णता धरते. एक चौरस मीटरच्या पेटीत दोन सेंटीमीटर पाणी, म्हणजे 20 किलो, 60 अंशांवरून 30 अंशांवर उतरताना 2,500 किलोज्यूल सोडते. तेवढ्यात एक लिटर पाण्याची वाफ होऊ शकते. 20 किलो खडी तेवढ्याच उतारात 500 किलोज्यूल देते, म्हणजे जेमतेम पेलाभर पाणी.

तरीही खडी टाकलेल्या पेटीतून जास्त पाणी निघाल्याचे प्रयोग आहेत आणि ते खोटे नाहीत. फक्त त्याचे श्रेय साठवणीला देणे चुकीचे आहे. खडी पाण्याच्या वर डोके काढून राहिली, की तिच्या ओल्या अंगावर पाण्याचा अगदी पातळ थर चढतो. तो थर झटकन तापतो आणि बाष्पीभवनाचे क्षेत्रही वाढते. काळा दगड काचेतून आलेले ऊन थेट शोषतो. गोणपाटाचा काळा तुकडा पाण्यात भिजवून ठेवला तरी हाच फायदा होतो, आणि तोही वजनाशिवाय. इथल्या दगडात पोकळ्या असलेला, भुसभुशीत बेसाल्ट मिळाला तर तो पाणी वर ओढतो, म्हणून घट्ट खडीपेक्षा बरा. या पोकळ्यांतच पांढरे झिओलाईट सापडतात. झिओलाईट पाणी शोषताना उष्णता सोडते, म्हणून उष्णता साठवण्यासाठी जगभर त्याचा अभ्यास होतो. पण ते पुन्हा कोरडे करायला शंभराच्या बरेच वरचे तापमान लागते, आणि ते या पेटीत कधीच येत नाही. संग्रहालयात मांडण्यापलीकडे इथे त्याचा उपयोग नाही.

मेणाचा हिशेब वेगळा आहे. पॅराफिन मेण वितळताना किलोमागे साधारण 200 किलोज्यूल घेते. तळाच्या पत्र्याखाली 20 किलो मेणाचा थर ठेवला, तर तो सव्वादोन सेंटीमीटर जाड होतो आणि नुसत्या वितळण्यात 4,000 किलोज्यूल सामावतो. आधी आणि नंतर तापण्यातले धरून पाच हजारांवर. कागदावर हे दोन लिटर पाणी आहे. मात्र ही उष्णता आकाशातून जादा आलेली नसते. ती त्याच दिवसाच्या उन्हातून काढून घेतलेली असते. मेण दुपारी उष्णता गिळते तेव्हा पाणी तेवढे तापत नाही आणि दुपारचे उत्पादन घटते. रात्रीची वाढ मोजताना दुपारची घट वजा करायची विसरली, की आकडे फार गोड दिसतात.

मग फायदा होतो तो कशामुळे? दोन गोष्टींमुळे. भर दुपारी साध्या पेटीत पाणी आणि काच दोन्ही तापतात आणि उष्णता काचेतून, तळातून, बाजूंनी वाया जाते. मेण ती अडवून ठेवते. दुसरे म्हणजे रात्री काच थंड होते. मराठवाड्यात हिवाळ्याच्या रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, आणि पाण्याला खालून ऊब मिळत राहिली तर पाणी आणि काच यांच्यातला फरक मोठा राहतो. वाफ त्या फरकावर चालते. याच्या उलट एक तोटाही आहे. पाण्याचा बाष्पदाब 40 अंशांना 7.4 किलोपास्कल, 60 ला 19.9 आणि 70 ला 31.2 असतो. तापमान दहा अंशांनी चढले की बाष्पदाब दीडपटीवर जातो. म्हणून तीच उष्णता 65 अंशांवर खर्च झाली तर तिचा मोठा वाटा वाफेत जातो. 40 अंशांवर खर्च झाली तर बराच वाटा काच नुसती कोमट करण्यात जातो. मेण उष्णता वाचवते, पण तिची धार बोथट करते. साठवणीचा सगळा शास्त्रार्थ या एका ओढाताणीत आहे.

एल-सेबाई आणि सहकाऱ्यांनी जेद्दाहच्या हवामानासाठी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पुन्हा पुन्हा उद्धृत होतो. तळाखाली 3.3 सेंटीमीटर स्टिअरिक आम्ल ठेवले, तर उन्हाळ्याच्या दिवशी चौरस मीटरमागे 9.005 किलो पाणी मिळते, त्याविना 4.998; कार्यक्षमता 84.3 टक्के. हे आकडे संगणकावरच्या गणिती प्रारूपातून आले आहेत. त्याच अभ्यासात असेही दिसते, की पदार्थाचे वजन वाढवत गेले तसे दिवसाचे उत्पादन घटते आणि रात्रीचे वाढते. ही दिशा बरोबर आहे. जवळपास दुप्पट उत्पादनाचा आकडा मात्र गावातल्या पत्र्याच्या पेटीकडून कोणी अपेक्षू नये.

पदार्थ निवडताना वितळण्याचे तापमान सर्वांत आधी पाहावे लागते. स्टिअरिक आम्ल 69 अंशांच्या आसपास वितळते. मे महिन्यातल्या फुलंब्रीत पेटीचा तळ तिथवर जाऊ शकेल. डिसेंबरात त्याने पन्नाशी गाठली तरी खूप, आणि मग ते आम्ल घट्ट दगडासारखे पडून राहील. लॉरिक आम्ल 44 अंशांना वितळते, ते बाराही महिने काम करील, पण त्याने परत दिलेली ऊब 44 अंशांचीच, म्हणजे धारेत कमी. पन्नास ते साठ अंशांत वितळणारे पॅराफिन हा त्यातला मधला मार्ग. मेण स्वस्तातले घेतले तर ते एका ठरावीक तापमानाला न वितळता सात-आठ अंशांच्या पट्ट्यात हळूहळू मऊ होत जाते. त्याने फारसे बिघडत नाही. स्टिअरिक, लॉरिक यांसारखी मेदाम्ले धातू हळूहळू खातात, मेण खात नाही. बाजारात मिळण्याच्या आणि टिकण्याच्या दृष्टीनेही पॅराफिनच सरस ठरते.

त्याचा मोठा दोष उष्णतेच्या मंद वहनाचा. पॅराफिनची वाहकता मीटर-अंशामागे 0.2 वॅटच्या आसपास, ॲल्युमिनियमची त्याच्या हजारपट. घट्ट मेणाच्या एक सेंटीमीटर थरातून पाच अंशांच्या फरकाला चौरस मीटरमागे फक्त 100 वॅट उष्णता जाते, आणि दुपारच्या उन्हाचा मारा हजार वॅटच्या घरात असतो. रात्री अडचण वाढते: पत्र्याला लागलेले मेण आधी गोठते आणि तो गोठलेला थर खालच्या पातळ मेणाची उष्णता अडवतो. सकाळी पेटी उघडली तर मधले मेण अजून पातळच सापडते, म्हणजे साठा होता पण तो वेळेत बाहेर आला नाही. म्हणून मेण एका जाड थरात ठेवण्याऐवजी बारीक ॲल्युमिनियमच्या नळ्यांत भरणे, तळाच्या पत्र्याला खाली पंखासारख्या पट्ट्या जोडणे किंवा मेणात धातूचा कीस मिसळणे हे उपाय करतात. नॅनोकण मिसळण्याच्या शोधनिबंधांचा तर सध्या पूरच आहे. गावच्या कारागिराला लेथवरचा ॲल्युमिनियमचा कीस पुरेसा आहे, आणि तो भंगाराच्या भावात मिळतो.

नळ्या भरताना एक काळजी घ्यावीच लागते. मेण वितळताना दहा ते पंधरा टक्के फुगते. नळी काठोकाठ भरून बंद केली, तर पहिल्याच कडक दुपारी शिवण उकलते आणि मेण पाण्यावर तरंगू लागते. वर रिकामी जागा सोडावी आणि नळ्या शक्यतो पाण्यात न ठेवता पत्र्याखाली ठेवाव्यात. त्यांच्याखाली चांगले उष्णतारोधक हवे. तेही थर्माकोल नको. सत्तर-ऐंशी अंशांना ते आकसते. काचलोकर किंवा भुशाचा जाड थर बरा.

पाण्याची खोली हा बिनखर्चाचा, म्हणूनच बहुधा दुर्लक्षिला जाणारा घटक. पाणी खोल भरले की ते स्वतःच साठवण बनते: दिवसा सावकाश तापते, रात्री सावकाश निवते, आणि एकूण उत्पादन बहुधा घटते. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेत गर्ग आणि मान यांनी हवामान, रचना आणि वापर यांचा वर्षभराच्या उत्पादनावर होणारा परिणाम तपासून 1976 मध्ये मांडला. तेव्हापासून उथळ पाणी, पक्के सांधे आणि नीट रोधन हाच पाया मानला जातो. मेण वापरायचे तर पाणी एक-दीड सेंटीमीटरच ठेवावे. दोन्ही साठे एकत्र झाले, तर दुपार पूर्ण वाया जाते.

साठवणीने एक मर्यादा ओलांडता येत नाही, ती म्हणजे साडेनऊ लिटरची. काचेवर वाफ जमते तेव्हा तिची 2,350 किलोज्यूल उष्णता काचेतून बाहेर फेकली जाते. ती धरून दुसरे पाणी तापवले, तरच त्या मर्यादेपलीकडे जाता येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि शांघाय जिआओ तोंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2020 मध्ये दहा टप्प्यांच्या छोट्या यंत्रात असे केले आणि प्रयोगशाळेत चौरस मीटरमागे तासाला 5.78 लिटर मिळवले. कार्यक्षमता 385 टक्के. शंभरावर कार्यक्षमता ऐकून दचकायला नको. तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरल्याचा तो परिणाम आहे. या वाटेपुढे मेणाची वाट लहान आहे. पण ती पत्रा कापणाऱ्याच्या आवाक्यातली आहे.

महाराष्ट्रात अशा यंत्राची गरज सर्वांत स्पष्ट दिसते ती खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या गाळाच्या प्रदेशात विहिरींचे पाणी मुळातच खारे आहे. ही तापीला मिळणारी पूर्णा. फुलंब्रीतून वाहणारी गिरिजा ज्या पूर्णेला मिळते ती वेगळी, गोदावरीच्या खोऱ्यातली. फुलंब्रीचे दुखणेही वेगळे आहे. इथल्या बेसाल्टातले पाणी खारे नसते, जड असते, आणि खते व सांडपाणी झिरपलेल्या विहिरींत नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते, ऊर्ध्वपातनाने जाते. दुष्काळाच्या वर्षी मात्र हे यंत्र कामाचे नाही. विहिरीतच पाणी नसेल तर गाळायचे काय? तिथे टँकरच लागतो.

जड पाण्याचा एक उपद्रव खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट असतो. पेटीच्या काळ्या तळावर चुन्याचा पांढरट पापुद्रा चढतो आणि काळेपणाच जातो. काही आठवड्यांत उत्पादन घसरू लागते आणि दोष मेणाला दिला जातो. रोज सकाळी उरलेले दाट पाणी काढून टाकणे, पेटी विसळणे आणि महिन्यातून एकदा लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने तळ घासणे, एवढ्यावर ते आटोक्यात राहते. खडी पसरली असेल तर हे काम दसपटीने किचकट होते. खडीविरुद्धचे हे सर्वांत मोठे कारण आहे. निघालेल्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून पिण्यासाठी वापरताना त्यात थोडे चांगल्या विहिरीचे पाणी मिसळावे. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला मात्र ते तसेच चालते. गॅरेज, शाळेची प्रयोगशाळा, दवाखाना यांना ऊर्ध्वपातित पाणी विकतच आणावे लागते, आणि लहान पेटीचे पहिले खरे गिऱ्हाईक तेच आहे.

पाच माणसांच्या घराला पिण्यापुरते 15 लिटर धरले, तर साध्या पेट्यांचे चार ते पाच चौरस मीटर लागतात. तळाखाली 20 किलो मेण ठेवलेल्या एका चौरस मीटरमधून, सगळे नीट बसले तर, अर्धा ते एक लिटर निव्वळ वाढ मिळावी, आणि ती हिवाळ्यात अधिक जाणवेल. तेवढेच पाणी पाव चौरस मीटर काच वाढवूनही मिळते. गच्चीवर किंवा वाड्यामागे जागा असेल त्याने आधी काच वाढवावी, सांधे पक्के करावेत, पाणी उथळ ठेवावे. जागा संपली असेल, पत्र्याचे काम चांगले असेल आणि रात्री थंड असतील, तिथे मेण घालावे. खडी घालू नये.